वॉटचा आकडा आणि घरातला आवाज

सिंगापूरच्या नोव्हेना भागाला नाव देणारे थॉमसन रस्त्यावरचे सेंट अल्फॉन्सस चर्च १९५० साली उभे राहिले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९४९ साली, शहरात रेडिफ्यूजनची तारेवरची रेडिओसेवा सुरू झाली होती. महिन्याला पाच डॉलर भरले की घरात लाकडी पेटी बसे. ली दाई सोर यांचे कॅन्टोनीज कथाकथन कॉफीच्या दुकानात बसलेली गिऱ्हाईकेही अशाच पेटीवर ऐकत. पेटीचे वॉट कोणी विचारत नसे. शक्ती केंद्रावरून तारेतून येई.

वॉटचे वेड नंतरचे. अमेरिकेत जाहिरातींतले आकडे इतके फुगले, की १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला अ‍ॅम्प्लिफायरसाठी नियम करावा लागला. आपल्याकडे मात्र ‘पीएमपीओ’ या फुगवलेल्या मापाचे हजारो वॉट खुशाल खपले. वॉट हे स्पीकरला दिलेल्या विद्युतशक्तीचे माप. आवाज किती निघेल, हे त्याची संवेदनशीलता ठरवते. शक्ती दुप्पट केली तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून एक वॉटला एक मीटरवर ९६ डेसिबल देणारा स्पीकर सहा-सात वॉटवर जे करतो, त्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला शंभर वॉट लागतात.

मग मोठा अ‍ॅम्प्लिफायर निरर्थक का? नाही. तबल्याची थाप सरासरीहून क्षणभर फार वर जाते; तिथे शक्ती अपुरी पडली की आवाज फाटतो. पण ही राखीव शक्ती झाली, रोजच्या आवाजाचे माप नव्हे. नोव्हेनातल्या फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे शेजारी असताना, बहुतेक वेळ एखादा वॉटही पुरतो.