मासळीचं तेल : नाव एक, इतिहास दोन

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. घरात आली ती मात्र कॉड लिव्हर ऑइलची बाटली. "तेच ते, मच्छीचंच तेल," असं दुकानदार म्हणाला. अम्मीलाही पटलं, कारण लहानपणी तिनेच आम्हाला त्या पिवळ्या गोळ्या खाऊ घातल्या होत्या. पण ते ‘तेच ते’ नव्हतं. का, हे इतिहासच सांगतो.

कॉड लिव्हर ऑइल निघतं कॉड माशाच्या यकृतातून, म्हणजे कलेजीतून. उत्तर युरोपातले कोळी ते पूर्वापार वापरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या रुग्णालयात ते संधिवातावर दिलं जाई. तेव्हा कलेज्या पिंपात सडवून तेल काढत. रंग काळा, वास असह्य. १८५० च्या दशकात नॉर्वेच्या पेटर म्योलर यांनी ताज्या कलेज्यांना वाफ देऊन स्वच्छ तेल काढलं. मुलांची हाडं वाकवणाऱ्या मुडदूस रोगावर ते गुणकारी होतं, पण कारण ठाऊक नव्हतं. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी तेलातलं ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट करून पाहिलं, तरी मुडदूस बरा झाला. त्या दुसऱ्या घटकाला नाव मिळालं ‘ड’ जीवनसत्त्व.

त्याच सुमारास आपल्या नाशिक भागात हचिसन आणि शाह हे डॉक्टर मुडदूसाचाच अभ्यास करत होते. त्यांना दिसलं ते उलटंच. उन्हातान्हात राबणाऱ्या गरिबांपेक्षा खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या हिंदू-मुस्लिम घरांत हा रोग जास्त होता. कमतरता ताटात नव्हती, उन्हाची होती. आजही आपल्या आयाबहिणींनी हे लक्षात ठेवावं.

१९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि तेलाची आवक तुटली. मग आपल्याकडे मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इलाख्यात मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल काढण्याला जोर आला. कोकणातले कोळी आणि दालदी जी मुशी कालवणासाठी धरत, तिच्या कलेजीला औषधाचा भाव आला.

दुसरा इतिहास बराच अलीकडचा. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचं रक्त तपासलं आणि त्यातून ओमेगा-३ स्निग्धाम्लांची चर्चा सुरू झाली. मात्र तिथे हृदयविकार कमी आहे हे त्यांनी स्वतः तपासलं नव्हतं. भिस्त सरकारी नोंदींवर होती. हे तेल कलेजीचं नव्हे, तर अँकोव्ही, सार्डिन अशा माशांच्या अंगातलं. त्यात ‘अ’ आणि ‘ड’ जवळजवळ नसतात. १९९९ मध्ये इटलीतल्या ११,३२४ हृदयरुग्णांच्या पाहणीत फायदा दिसला. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २५,८७१ निरोगी लोकांच्या ‘व्हायटल’ चाचणीत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून ठळक घट दिसली नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स मात्र मोठ्या मात्रेत नक्की उतरतात. पण त्याच मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो. म्हणून ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

आता बहिणीच्या बाटलीकडे येऊ. एक चमचा कॉड लिव्हर ऑइलमध्ये सुमारे ४,५०० एकक ‘अ’ जीवनसत्त्व असतं. ते शरीरात साठून राहतं आणि गरोदरपणात फार झालं तर बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतो. आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बाटली परत करायला सांगितली.

तेव्हा दुकानात पुढचं चित्र पाहू नका, मागचा मजकूर वाचा. ‘अ’ जीवनसत्त्व लिहिलंय का? ईपीए आणि डीएचए किती? १,००० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत दोन्ही मिळून बहुधा ३००च असतात. आणि वरचं जिलेटिन कशाचं, तेही पाहा. मासा हलाल असला, तरी वेष्टन माशाचंच असेल असं नाही.

अम्मी आता बाटली आणली की आधी मला वाचायला देते.