बारा वर्षांचा हिशेब : जपानमधील इंग्रजी अध्यापनाच्या नोकऱ्या आणि मुंबईतील शिक्षणमाध्यमाचा इतिहास

प्रस्तावना

जपानमध्ये शालेय शिक्षणाखेरीज इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या खाजगी शाळांचे मोठे जाळे आहे. या शाळांना तेथे ‘एइकाइवा’ असे म्हणतात. त्यांच्या शिक्षकभरतीच्या जाहिरातींत सामान्यतः दोन अटी आढळतात : कोणत्याही विषयाची पदवी आणि इंग्रजी ही मातृभाषा. मुलाखतीत उमेदवाराला स्वतःची ओळख करून द्यावी लागते, जपानच का निवडले याचे कारण सांगावे लागते आणि काही मिनिटांचा नमुनापाठ घ्यावा लागतो. समोर बसलेले परीक्षक त्या वेळी नवशिक्या विद्यार्थ्यांची भूमिका घेतात. शिक्षक किती सावकाश बोलतो, समोरच्याला किती बोलते करतो आणि व्याकरणाच्या आहारी न जाता अर्थ कसा पोहोचवतो, हे त्यात पाहिले जाते. गिरगाव-दादरच्या शाळांत वर्षानुवर्षे साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला ही परीक्षा फारशी अवघड वाटू नये. त्याची अडचण बहुधा मुलाखतीच्या खोलीत नसते. ती त्या खोलीच्या दाराबाहेरच उभी असते. प्रस्तुत निबंधात या अडचणीची ऐतिहासिक बाजू तपासली आहे.

दोन दरवाजे

जपानमध्ये नोकरी करू इच्छिणाऱ्याच्या वतीने तेथील मालक प्रथम इमिग्रेशन खात्याकडून पात्रता-प्रमाणपत्र मिळवतो. त्यानंतर मुंबईच्या उमेदवाराला कंबाला हिल येथील जपानी वाणिज्य दूतावासातून व्हिसा मिळू शकतो. म्हणजे आधी मालकाची पसंती आणि मग राज्यसंस्थेची संमती असा हा क्रम आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खाजगी कंपनीच्या भाषाशाळेत शिकवण्यासाठी विद्यापीठाची पदवी कायद्याला पुरेशी वाटते. मातृभाषेची अट कायद्याने घातलेली नसून बाजाराने घातलेली आहे. शाळांतील साहाय्यक भाषाशिक्षकाला ज्या ‘शिक्षक’ दर्जाचा व्हिसा लागतो, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. जी भाषा शिकवायची त्या भाषेतून उमेदवाराने किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे, असा तेथे नियम आहे. हा नियम जन्म विचारत नाही, वंश विचारत नाही. तो शाळेचे माध्यम विचारतो. वरवर पाहता तो अधिक न्याय्य वाटतो. परंतु मुंबईत शाळेचे माध्यम ही वैयक्तिक निवडीची बाब क्वचितच राहिली आहे.

जपानचा स्वतःचा अनुभव

मेइजी काळात (१८६८–१९१२) जपान सरकारने अभियांत्रिकी, कायदा, वैद्यक आणि भाषा या विषयांसाठी भारी पगारावर परदेशी तज्ज्ञ नेमले. त्याच वेळी होतकरू जपानी तरुणांना परदेशी पाठवून त्या जागा क्रमाने आपल्याच माणसांनी भरण्याचे धोरणही आखले. या धोरणाचे बोलके उदाहरण टोकियोच्या शाही विद्यापीठात घडले. लाफ्काडिओ हर्न हे १८९६ पासून तेथे इंग्रजी साहित्य शिकवत होते. त्यांचा जन्म ग्रीक बेटावरचा, आई ग्रीक, वडील आयरिश. १८९० मध्ये ते अमेरिकेतून जपानला आले आणि पुढे जपानी नागरिक झाले. १९०३ मध्ये त्यांचे अध्यापन संपुष्टात आले आणि त्यांच्या जागी ज्यांची नेमणूक झाली, त्यांत नात्सुमे सोसेकी हे प्रमुख होते. सोसेकी नुकतेच लंडनमधील दोन वर्षांचा अभ्यास संपवून परतले होते. इंग्रजी साहित्य शिकवण्यास जपानी अध्यापक पात्र आहे, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च विद्यापीठाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दिलेला होता.

हा निर्णय टिकला खरा, पण केवळ वाचन-व्याकरणापुरता. संभाषणाचा प्रश्न शिल्लक राहिला. १९२२ मध्ये जपानच्या शिक्षणखात्याने हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञास सल्लागार म्हणून बोलावले. त्यांनी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. तरी प्रवेशपरीक्षांच्या दडपणाखाली भाषांतरपद्धती कायम राहिली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेट’ योजनेखाली प्रारंभी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चारच देशांतून ८४८ तरुण नेमले गेले. बोलके इंग्रजी म्हणजे या देशांचे इंग्रजी, हे समीकरण त्यामुळे अधिकच पक्के झाले. खाजगी शाळांनी त्याचा भरपूर व्यापार केला. या धंद्यातील सर्वांत मोठी ‘नोव्हा’ ही कंपनी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकून पडले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘रेअरजॉब’ कंपनीने फिलिपिनो शिक्षकांकरवी जपानी विद्यार्थ्यांना इंटरनेटवर इंग्रजी शिकवण्यास आरंभ केला. व्हिसाची गरजच नसल्यामुळे तेथे बारा वर्षांचा प्रश्न उद्भवत नाही.

मुंबईची परंपरा

शिकून मिळवलेल्या इंग्रजीची मुंबईतील परंपरा जपानपेक्षाही जुनी आहे. कोकणातील पोंभुर्ले येथून आलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी घरोघरी इंग्रजी नेले. पामरला ती पद्धत पसंत पडली नसती हे उघड आहे. पण गिरगावच्या चाळींतील कारकुनांच्या कित्येक पिढ्या त्या पाठमालांवर पोसल्या गेल्या.

परदेशी भाषा-अध्यापनाची दोन उदाहरणे येथे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी लंडनला गेल्यानंतर १८५६ मध्ये तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक झाले. त्यांना ती जागा मातृभाषेच्या बळावर मिळाली. धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण याच्या उलट आहे. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींनी प्रौढ वयात घर सोडून पुणे-काशीत संस्कृत आणि सिलोनमध्ये पाली आत्मसात केली. हार्वर्डचे डॉ. जेम्स वुड्स भारतात अशा जाणकाराच्या शोधात होते. त्यांच्या भेटीतून १९१० मध्ये कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले आणि नंतर लेनिनग्राडलाही त्यांनी अध्यापन केले. पाली ही आता कुणाचीच मातृभाषा नाही. त्यामुळे वुड्स यांना ज्ञानाखेरीज दुसरे काही तपासताच येत नव्हते. कोसंबींच्या नावामागे ना पदवी होती ना माध्यमाचा दाखला. पुढे परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजन विहार’ उभा राहिला तो त्यांच्याच प्रयत्नांतून.

माध्यमाचा प्रश्न

मुंबईच्या समाजसुधारकांना एके काळी जपान हे मातृभाषेतील उच्च शिक्षणाचे आदर्श उदाहरण वाटत होते. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, तिच्यामागे जपानमधील महिला विद्यापीठाची प्रेरणा होती. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या विद्यापीठात मातृभाषा हे माध्यम आणि इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी योजना होती. जपानच्या उदाहरणावरून स्वीकारलेले हेच माध्यम जपानच्या नियमाखाली उणे ठरावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात देशी भाषांच्या शाळांतून इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलला गेला. जानेवारी १९५४ मध्ये सरकारने त्याहून पुढे जाऊन एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांखेरीज इतरांच्या मुलांना यापुढे प्रवेश देऊ नये, असा तो आदेश होता. बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या देवळाली येथील बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने हा वाद न्यायालयात गेला. अर्जदारांपैकी एक कुटुंब गुजराती हिंदू होते, तर दुसरे भारतीय ख्रिस्ती असून त्याची मातृभाषा इंग्रजीच होती. म्हणजे मातृभाषा इंग्रजी असूनही वंश वेगळा म्हणून इंग्रजी शाळेचे दार बंद, अशी स्थिती निर्माण झाली. उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद २९(२) व ३३७ च्या आधारे हा आदेश रद्द ठरवला. सरकारचा हेतू देशी भाषांच्या संवर्धनाचा होता हे मान्य केले, तरी हेतू आणि साधन यांत येथे फार अंतर पडले होते.

न्यायालयाने दार उघडले, पण त्यातून आत जाण्याची ऐपत सर्वांना सारखी नव्हती. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांची मुले प्रामुख्याने महानगरपालिकेच्या व आसपासच्या मराठी शाळांतच शिकली. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी रात्रशाळा चालवल्या, त्यांतून इंग्रजी येई ते विषय म्हणून. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि जी कुटुंबे शहरात टिकून राहिली, त्यांपैकी अनेकांनी पुढच्या पिढीला इंग्रजी शाळेत घातले. गिरगाव-दादरच्या नामवंत मराठी शाळांचे वर्ग रोडावले ते याच ओघात.

हिशेब

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंग्रजीत एम.ए. झालेल्या उमेदवाराची वर्षे मोजून पाहता येतील. कनिष्ठ महाविद्यालयाची दोन, पदवीची तीन आणि एम.ए.ची दोन मिळून सात होतात. ही सर्व इंग्रजी माध्यमातून झाली असे धरले आणि बी.एड.ची दोन व एम.फिल.ची दोन त्यांत मिळवली, तरी बेरीज अकरावर थांबते. याउलट दादरच्याच एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी, शेक्सपिअरची एकही ओळ न वाचता, माध्यमाची ही अट पूर्ण करतो. पदवी हाती पडली की त्याचा अर्ज पुढे सरकतो.

२००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. परंतु ते विषय म्हणून, माध्यम म्हणून नव्हे. त्यामुळे बारा वर्षांच्या बेरजेत ते धरता येत नाही. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर इतिहास-भूगोल मराठीतून शिकवला जातो. असा दाखला घेऊन जाणाऱ्या उमेदवाराची वर्षे कोणत्या रकान्यात मांडावीत, याचा विचार त्याच्या मुख्याध्यापकांनी प्रवेश देताना केलेला असण्याचा संभव कमीच.