दिनविशेष : ६ डिसेंबर – निःशब्द किंकाळी
१९९२ : अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली. पाठोपाठ उसळलेल्या दंगलींत मुंबई होरपळली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० बळी गेले. मुंबईच्या चित्रकार रुम्माना हुसैन (१९५२-१९९९) यांच्या कलेला इथेच वळण मिळाले. चित्रचौकट मागे पडली. फुटकी मडकी, गेरू यांतून त्यांची मांडणशिल्पे घडली. पुढे स्वतःचे शरीरच त्यांनी माध्यम केले. १९९५ मध्ये मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या (एनसीपीए) आवारात त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग सादर केला. पायांत घुंगरू, हातात मधोमध चिरलेली पपई, तोंड आ वासलेले. पण किंकाळी फुटतच नाही! भारतातील परफॉर्मन्स आर्टच्या आरंभीच्या प्रयोगांत तो गणला जातो. १९९९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.