मायकेल ओहर : सिनेमातला आणि कोर्टातला

मंडळी, ‘द ब्लाइंड साइड’ हा २००९ सालचा हॉलिवूडचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर बघितला असेल. श्रीमंत गोरी बाई, बेघर काळा मुलगा, ती त्याला घरी आणते, तो फुटबॉलचा मोठा खेळाडू होतो. सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालं, सिनेमाने जगभरात ३० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. बघताना डोळ्यांत पाणी येतंच. पण ज्याच्यावर सिनेमा काढला तो मायकेल ओहर ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कुटुंबाविरुद्ध कोर्टात गेला. का गेला, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आधी खेळ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा अमेरिकन फुटबॉल. त्यात चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हा हिरो. त्याच्यासमोर पाच धिप्पाड गडी उभे असतात. त्यांचं काम एकच, समोरच्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही. चेंडू त्यांच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होतं, कोपरा धरणाऱ्याला कोण विचारतं? तसंच. या पाचातला डावीकडचा शेवटचा म्हणजे लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याची पाठ डाव्या बाजूला वळते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती न दिसणारी बाजू म्हणजे ब्लाइंड साइड.

१८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला खाली पाडलं आणि त्याच्या पायाची नडगी मोडली. सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघितलं. थाइसमन परत कधी खेळला नाही. असल्या चपळ हल्लेखोरांमुळे लेफ्ट टॅकलचा भाव वाढत गेला आणि १९९३ नंतर खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाल्यावर तर त्यांचे पगार कुठल्या कुठे गेले. अंगाने प्रचंड पण पायाने हलका असा पोरगा कुठे सापडतो, हे शोधत माणसं फिरू लागली.

असा एक पोरगा मेम्फिसमध्ये होता. १९८६ चा जन्म, बारा भावंडं, आई व्यसनात, बाप तुरुंगात आत-बाहेर. सातव्या वर्षापासून सरकारी व्यवस्थेतून या घरी नाहीतर त्या घरी. पहिल्या नऊ वर्षांत अकरा शाळा. शेजारपाजारच्या एका माणसाच्या खटपटीने तो ब्रायरक्रेस्ट या खासगी ख्रिस्ती शाळेत आला. ही शाळा १९७३ ची. त्याच वर्षी कोर्टाच्या हुकमाने मेम्फिसच्या सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसवायला बस सुरू झाल्या, आणि हजारो गोऱ्या पालकांनी मुलं काढून अशा नव्या खासगी शाळांत घातली. तीस वर्षांनी त्याच शाळेला मायकेल ओहर हवा होता.

तिथे तो फुटबॉल, बास्केटबॉल खेळला, मैदानी स्पर्धांत उतरला. टुओही कुटुंबाने त्याला घर दिलं, शिकवणी लावली, कमी गुण भरून काढायला ऑनलाइन अभ्यासक्रम करवून घेतले. हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण सिनेमात लहान पोरगं सॉसच्या बाटल्या मांडून त्याला खेळ शिकवतं, ते ओहरला फार लागलं. त्याने २०११ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की हा खेळ तो लहानपणापासून बारकाईने बघत, समजून घेत आला होता. मोठं अंग म्हणजे छोटं डोकं, हा समज पडद्यावर चिकटला तो चिकटलाच.

मोठमोठ्या कॉलेजांनी गळ टाकले. तो गेला मिसिसिपी विद्यापीठात, म्हणजे ‘ओल मिस’मध्ये. टुओही नवरा-बायको तिथलेच माजी विद्यार्थी. या विद्यापीठाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. २९ सप्टेंबर १९६२ ला गव्हर्नर रॉस बार्नेट याच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मैदानात उभा राहून गरजला. दुसऱ्याच रात्री जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल पेटली, दोन माणसं मेली, केनेडींना लष्कर पाठवावं लागलं. त्या हंगामात ओल मिसचा संघ दहापैकी दहा सामने जिंकला, सगळे खेळाडू गोरे. काळे खेळाडू तिथे मैदानात उतरायला १९७२ साल उजाडलं.

आता मुख्य मुद्दा. कॉलेज फुटबॉलचं नियमन करणाऱ्या एनसीएएचा तेव्हाचा कायदा असा की खेळाडू ‘हौशी’. शिष्यवृत्ती घ्या, पगार नाही. प्रशिक्षकाला लाखो डॉलर, टीव्हीचे करार कोट्यवधींचे, आणि कॉलेजच्या चाहत्याने पोराला गाडी घेऊन दिली तर चौकशी. टुओही हे असेच चाहते. त्यामुळे २००४ मध्ये, ओहर अठरा पूर्ण झाल्यावर, एक कागद झाला : कन्झर्व्हेटरशिप. स्वतःचे व्यवहार स्वतः बघू न शकणाऱ्या माणसासाठी कोर्ट दुसऱ्याला अधिकार देतं, तो हा प्रकार. ओहर धडधाकट होता. त्याला सांगण्यात आलं की हे जवळपास दत्तक घेण्यासारखंच आहे. टेनेसीत सज्ञान माणसाला दत्तक घेता येतं, तरी कागद झाला तो हा.

या कागदाखाली तो कॉलेज खेळला, २००८ मध्ये देशातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, २००९ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला तेविसाव्या क्रमांकावर घेतलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये रेव्हन्सने सुपर बोल जिंकला, ३४-३१. जगातली सगळ्यात दांडगी माणसं अंगावर झेलणारा हा गडी कोर्टाच्या दप्तरात मात्र दुसऱ्यांच्या देखरेखीखालीच होता.

२०२३ च्या अर्जात ओहरचं म्हणणं होतं की आपण दत्तक नाही हे त्याला त्याच वर्षी फेब्रुवारीत कळलं, आणि त्याच्या कहाणीवर इतरांनी पैसा केला. टुओहींनी आरोप फेटाळले. एनसीएएच्या नियमांसाठीच हे केलं, आणि सिनेमाचे जे थोडे पैसे आले ते सगळ्यांत सारखे वाटले, असं ते म्हणाले. शिवाय त्याच्याच पुस्तकात कन्झर्व्हेटर हा शब्द आहे, याकडे त्यांच्या बाजूने बोट दाखवलं गेलं. तेही खरंच आहे. पण अठरा वर्षांच्या, कधीच स्वतःचं घर नसलेल्या पोराला त्या शब्दाचा अर्थ कोणी नीट सांगायचा होता? त्याच्या बाजूचा वकील कोण होता?

२९ सप्टेंबर २०२३ ला न्यायाधीश कॅथलीन गोम्स यांनी ती व्यवस्था संपवली. ४३ वर्षांच्या कारकिर्दीत धडधाकट माणसावर असा करार आपण पाहिला नाही, असं त्यांनी सुनावणीत सांगितलं. पैशांच्या हिशेबाचा मुद्दा त्यांनी पुढे चालू ठेवला.

मधल्या काळात नियमही बदलले. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली. आज अठराव्या वर्षीच्या लेफ्ट टॅकलकडे एजंट येतो, करार येतो, आणि करार वाचून दाखवायला वकीलही येतो.