कॅसेट हातात होती तेव्हा

मीरा-भाईंदरला नगरपालिका मिळाली १९८५ साली आणि महानगरपालिका २००२ साली. या दोन तारखांच्या मधल्या काळात मिठागरं आणि भातखाचरं मागे हटली, मुंबईतली चाळीची खोली विकून लोक इथल्या वन रूम किचनमध्ये आले आणि त्यांच्या पोरांच्या हाती व्हिडिओ गेम आला. मी त्या पोरांतला. आज मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहतो आणि अजून खेळतो. माझं ठाम मत आहे की खेळणाऱ्या गिऱ्हाइकाचे हक्क तेव्हा कागदावर कमी होते, पण हातात जास्त होते.

ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. खोक्यावर समुराई, लिटल मास्टर अशी नावं. टीव्हीची अँटेनाची वायर काढून तिथे त्याची वायर खोचायची, चित्र स्थिर होईपर्यंत चॅनल जुळवत बसायचं, मग मारिओ नाहीतर कॉन्ट्रा. खरा ऐवज म्हणजे कॅसेट. ती मित्राला देता येई, त्याची आणता येई, कंटाळा आला की दुकानदाराला परत देऊन, वर थोडे पैसे टाकून दुसरी घेता येई. चालली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारत. फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या उलट खराब होतात. आमच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारा एक दादा होता, त्याने आम्हाला त्या पट्ट्यांवर खोडरबर घासायला शिकवलं. यंत्राचे स्क्रू काढून आत बघायला कुणाची परवानगी लागत नसे. सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ असं नाव देऊन पोर्टल सुरू केलं ते २०२२ च्या डिसेंबरात. आम्हाला तो हक्क एका स्क्रूड्रायव्हरने दिला होता.

फसवणूक मात्र तेव्हाही भरपूर. कॅसेटवर छापलेलं असे ‘९९९९९९९ इन १’. आत मोजकेच गेम, आणि तेच पुन्हा पुन्हा, कधी थोडा वेग बदलून, कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू करून. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, आणि मालाविषयी खोटा दावा करणं ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं त्यात स्पष्ट होतं. पण ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कॅसेटचं पक्कं बिल कुठे असायचं? बिल नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, आणि शाळकरी पोराच्या कॅसेटसाठी ठाण्याच्या ग्राहक मंचात कोण जाणार? दुकानदाराशी भांडणं हाच मंच. तो ओळखीचा असे आणि उद्याही तिथेच बसणार असे, त्यामुळे निम्म्या वेळा बदलूनही देई.

असं दुकानदाराच्या समोर उभं राहणं मराठी मध्यमवर्गाला अपघाताने आलेलं नव्हतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. महागाई आणि भेसळीचे दिवस होते. शेजारची काही कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एका घरी उतरवून आपसात वाटून घ्यायचा, अशी ती रीत. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांनी पेललं, आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली असं मला वाटतं. तूरडाळीची पिशवी उघडून बघणारी, पाकिटावरचं वजन वाचणारी, भाव विचारायला न लाजणारी एक पिढी त्यातून तयार झाली. १९९० मध्ये सर्व करांसहित कमाल किंमत वेष्टनावर छापणं बंधनकारक झालं. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांच्या आड दुकानदाराला हवी ती किंमत लावता येई.

म्हणजे वजन, भाव आणि बिल अशी एकेक गोष्ट मिळवत आपण आलो. पण हे सारं खोक्यात बंद होणाऱ्या वस्तूसाठी होतं.

खोकं गेलं की काय होतं हे मीरा रोडने २०१६ च्या ऑक्टोबरात फार वाईट रीतीने पाहिलं. ठाणे पोलिसांनी इथल्या बनावट कॉल सेंटरांवर छापे टाकले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळले जात होते, आणि त्यासाठी गिफ्ट कार्डंही विकत घ्यायला लावत. कार्डावरचा आकडा फोनवर वाचून दाखवला की पैसे गेले. गेमसाठी आपण जी कार्डं घेतो, त्याच जातीची ही. आकडा एकदा सांगितला की परत घेण्यासारखं हातात काही उरत नाही.

कायदेशीर धंद्यातही हीच गत आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम २०१४ मध्ये आला. तो एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेला गेम कायमचा संपला. माझी समुराईची कॅसेट आजही चालते, आणि हा गेम दहा वर्षं पुरला नाही. याला विक्री म्हणू नये, हे भाडं आहे. भाडं घ्या, पण मुदत सांगून घ्या.

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-व्यापारात डिजिटल उत्पादनं धरली आहेत. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला ठाणं पुरतं. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. नकळत गळ्यात मारलेली वर्गणी, ती रद्द करायचं लपवलेलं बटण, अशा १३ क्लृप्त्यांवर २०२३ च्या नोव्हेंबरात बंदीही आली. हे सगळं मला मोलाचं वाटतं, आणि सोसायटीतल्या पोरांना मी पैसे भरण्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवायला आणि अडलं तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करायला सांगतो.

तरी एक ओळ अजून कुठेच छापलेली नाही. वेष्टनावर जशी कमाल किंमत आली, तशी गेमच्या किमतीखाली ठळक अक्षरांत हवी: हा गेम किमान अमुक तारखेपर्यंत चालेल, आणि त्याआधी बंद केला तर इतके पैसे परत मिळतील.