थाळनेर

महाराष्ट्राच्या धुळे जिल्ह्यातील एक ऐतिहासिक गाव. शिरपूर तालुक्यात, तापीच्या उजव्या काठावर, धुळे शहराच्या ईशान्येस सुमारे ४५ किमी. अंतरावर ते वसले आहे. फारूकी सुलतानांची पहिली राजधानी आणि १८१८ मधील किल्ल्याची लढाई यांमुळे खानदेशच्या इतिहासात थाळनेरला महत्त्व आहे. परिसर काळ्या कसदार जमिनीचा असून कापूस व केळी ही येथील महत्त्वाची पिके. बोलीभाषा अहिराणी आहे.

दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजा यास जहागीर दिला. त्याने थाळनेरला आपले ठाणे केले आणि त्याच्यापासूनच फारूकी घराण्याची सत्ता सुरू झाली. १३९९ मध्ये तो मरण पावला व येथेच त्याचे दफन झाले. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेऊन बऱ्हाणपूर वसविले. तेव्हापासून राजधानीचा मान बऱ्हाणपूरकडे गेला. तथापि फारूकींच्या आरंभीच्या सुलतानांच्या कबरी थाळनेरलाच आहेत. त्यांतील अष्टकोनी कबर नक्षीकामामुळे उठून दिसते. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगल साम्राज्यात गेला. पुढे मराठी अमलात थाळनेर होळकरांकडे आले.

किल्ल्याची एक बाजू थेट तापीच्या पात्रातून उभी राहते. उरलेल्या तिन्ही बाजूंना खोल, रुंद घळी असून त्यांच्या तळापासून तट सुमारे १८ मी. उंच होता. प्रवेशाची वाट केवळ पूर्वेकडून होती. वळणावळणाने, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या या वाटेवर एकापाठोपाठ एक पाच दरवाजे होते. १८१८ च्या लढाईचा निकाल याच वाटेवर लागला.

महिदपूरच्या लढाईत (२१ डिसेंबर १८१७) होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने त्यांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना दिला. त्यात थाळनेरही होते. तहाप्रमाणे ठाणी ताब्यात घेत इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉप सेंधवा घाटाने खाली उतरला. २७ फेब्रुवारी रोजी तो थाळनेरसमोर आला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला देण्यास नकार दिला. धन्याने तह केला असताना प्रतिकार केल्यास बंडखोर समजण्यात येईल, अशी ताकीद हिस्लॉपने दिली. शिबंदीत मुख्यतः अरब शिपाई होते. त्यांनी तटावरून बंदुकींचा मारा केला आणि इंग्रजांनी तोफा लावल्या.

बाहेरच्या दरवाजाची मोडतोड झाल्यावर इंग्रजांची तुकडी आत शिरली. आतल्या दरवाजांपाशी तिला प्रतिकार झाला नाही. तिसऱ्या दरवाजाजवळ किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाले. पाचवा दरवाजा मात्र बंद होता, त्याची दिंडी तेवढी उघडी होती. दिंडीतून काही अधिकारी व शिपाई आत गेले. शरणागतीच्या अटींवर बोलाचाली सुरू झाली. पण एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. तेवढ्यात हातघाई जुंपली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे ठार झाले आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे जखमी झाला. त्यानंतर इंग्रज फौजेने किल्ल्यात घुसून शिबंदीची कत्तल केली. सुमारे तीनशे शिपायांची ही शिबंदी जवळजवळ पूर्णपणे कापली गेली. तुळशीराम मामांना त्याच संध्याकाळी फाशी देण्यात आले.

पाचव्या दरवाजावर चकमक उडाली, तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्या ताब्यात होते. त्यामुळे या फाशीच्या न्याय्यतेवर खुद्द इंग्लंडमध्ये टीका झाली. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने या मोहिमेतील सैन्याचे आभार मानले, तेव्हाही थाळनेरच्या प्रकरणाला ही मान्यता समजू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. खानदेशात या घटनेची जरब बसली व गाळणा, चांदवड येथील किल्लेदारांनी आपली ठाणी सोडून दिली. मालेगावच्या अरबांनी मात्र जून १८१८ पर्यंत झुंज दिली. मराठी दुर्गसाहित्यात तुळशीराम मामांचा उल्लेख, धन्याने सोडलेला किल्लाही लढविणारा किल्लेदार म्हणून होतो. त्यांच्याबरोबर पडलेले बहुतेक शिपाई दूरदेशीचे व पगारी असले, तरी खानदेशातील इंग्रजविरोधी लढ्याचा आरंभ सांगताना थाळनेरच्या शिबंदीला वगळता येत नाही.

किल्ल्याचा बराचसा भाग आज ढासळला असून नदीच्या बाजूला तटबुरुजांचे अवशेष दिसतात. गायिका लता मंगेशकर यांचे आजोळ थाळनेरचे. त्यांच्या मातोश्री शेवंती ऊर्फ माई मंगेशकर या येथील लाड कुटुंबातील होत. शिरपूरहून रस्त्याने गावी जाता येते.