पऱ्हाटीचा जाळ : असोद्याच्या वाटेवरचे भरीत आणि न लिहिलेला इतिहास

१/
जळगावहून भादलीकडे निघाले की वाटेत असोदा लागते. मराठी वाचक या गावाला बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून ओळखतो. खान्देशी माणूस मात्र ‘असोदा’ म्हटले की आणखी एका गोष्टीची आठवण काढतो : भरिताचे वांगे. आजचा थ्रेड या दोन ओळखींविषयी आहे. त्या एकमेकींपासून वाटतात तितक्या दूर नाहीत.

२/
आरंभी एक प्रश्न. एखाद्या गावातले छोटे, घरच्या माणसांनी चालवलेले, खरोखर वाट वाकडी करून जावे असे खाण्याचे ठिकाण कसे शोधावे? आपण मोबाइल काढतो आणि तारे मोजतो. या ताऱ्यांनाही इतिहास आहे. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. लोक मोटारीने अधिक फिरले तर टायर अधिक झिजतील, असा तो सरळ हिशेब होता. उपाहारगृहांना तारे देण्याची पद्धत त्याच मार्गदर्शिकेत १९२६ मध्ये सुरू झाली.

३/
म्हणजे ‘कुठे जेवावे’ या प्रश्नाचे छापील उत्तर रस्ता आणि वाहन यांच्या सोयीने घडत गेले. असोद्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या शेडचा त्या उत्तरात समावेश होण्याचे कारणच नव्हते. ती शेड हिवाळ्यात सुरू होते, उन्हाळ्यात बंद असते. पाटी असलीच तर हाताने रंगवलेली. पदार्थ तीन-चार. असे ठिकाण शोधायला इतिहासाच्या विद्यार्थ्याची नजर अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. ते कसे, ते पाहू.

४/
पहिली खूण : जळण. खान्देशी भरिताचे वांगे नेहमीचे जांभळे नसते. ते फिकट हिरवे, पांढरट पट्ट्यांचे, आकाराने मोठे आणि कमी बियांचे असते. ते भाजतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर. कुठे तुरीच्या काड्यांवर. शेडच्या मागे पऱ्हाटीची गंजी दिसली, तर निम्मा शोध संपला असे समजावे.

५/
या जळणाचा स्वभाव समजून घ्या. पऱ्हाटीचा जाळ झटकन भडकतो, उंच जातो आणि लवकर विझतो. वांग्याची साल करपते, आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि धुराचा वास गरात मुरतो. पण असा जाळ एका वांग्यासाठी पेटवणे परवडत नाही. पेटवला की टोपलीभर वांगी एकदम भाजून घ्यावी लागतात.

६/
आता याचा परिणाम पाहा. टोपलीभर वांगी भाजली की खाणारेही तितकेच हवेत. शेतावरच्या भरीत पार्टीला दहा-वीस माणसे जमतात, आणि भरीत केंद्रावर भरीत किलोच्या मापाने विकले जाते. या दोन्ही चालींचे मूळ मला या जळणाच्या स्वभावात दिसते. हा माझा तर्क आहे. पण एकदा तो जाळ पाहिला की तो पटू लागतो.

७/
भाजलेली वांगी सोलून होडीच्या आकाराच्या लाकडी भांड्यात ठेचतात. इकडे त्याला बडगी म्हणतात. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत पुरी, नाहीतर कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद यांचे एकत्र दळलेले पीठ.

८/
या ताटाला कोणी ‘अस्सल पारंपरिक’ म्हटले तर मान डोलवावी, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वांगे आपल्या भूमीतले खरे; मिरची आणि भुईमूग मात्र मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांचे जहाज १४९८ मध्ये भारताच्या किनाऱ्याला लागले, आणि मिरचीची भारतात लागवड सुरू झाली ती त्यानंतर. आजचे भरीत हे अनेक शतकांच्या देवघेवीतून घडले आहे. ते त्यामुळे कमी खान्देशी ठरत नाही.

९/
दुसरी खूण : ऋतू. अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि वांगे पुन्हा ताटात येते. कापसाच्या वेचण्याही याच सुमारास चालू असतात. हंगामाच्या सुरुवातीला मागच्या वर्षीच्या गंज्या जळतात. वेचणी संपली की नवी पऱ्हाटी हाताशी येते. पंचांग आणि पीक असे एका चुलीवर भेटतात. चैत्रात भरीत शोधायला गेलात तर दोष ठिकाणाला देऊ नका.

१०/
तिसरी खूण : त्या गावाचा अर्थव्यवहार. खान्देशात कापूस जुनाच. पण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशातून पुढे गेली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण पेठ टिकली.

११/
पुढे १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले : धुळे हे ठाणे असलेला पश्चिम खान्देश आणि जळगाव हे ठाणे असलेला पूर्व खान्देश. या साऱ्या काळात रानात उभी राहिली ती कपाशी, आणि कपाशीमागे उरली ती पऱ्हाटी. गाठी मुंबईला गेल्या, तिथून सातासमुद्रापार गेल्या. काड्या मात्र गावातच राहिल्या. ज्याला बाजारात भाव नव्हता, त्याच्यावर गावाने आपले सर्वांत नावाजलेले जेवण रांधले.

१२/
या इतिहासाची कागदपत्रे कोणती? कापसाची भरपूर आहेत : भाव, गाठी, रेल्वेचे उत्पन्न. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खान्देश खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन, पिके, व्यापार, जाती, बाजार यांची त्यात बारकाईने नोंद आहे. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट १८८० रोजी, असोद्यात महाजनांच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला.

१३/
हा योगायोग मला फार बोलका वाटतो. एकीकडे साहेबाच्या कचेरीतून तयार झालेला जाडजूड ग्रंथ. दुसरीकडे लिहिता-वाचता न येणारी, जाते, चूल, शेत आणि माहेर यांतून आपले जग सांगणारी एक स्त्री. खान्देशाचे हे दोन दस्तऐवज आहेत. पहिला सरकारी यंत्रणेने लिहून ठेवला. दुसरा नाहीसा होण्याच्या अगदी काठावर होता.

१४/
बहिणाबाई गात, आणि घरातली माणसे त्यातले जमेल तेवढे उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. ती वही नसती तर? उत्तर सोपे आहे. आज आपल्याला हा प्रश्नही पडला नसता.

१५/
गेल्या हिवाळ्यात एका शोधनिबंधासाठी मी या वाटेवरच्या छोट्या खाणावळींची माहिती जमवू लागलो. ग्रंथालयात काही हाती लागेना, म्हणून सरळ एका शेडमध्ये जाऊन बसलो. वांगी भाजणाऱ्या आबांना विचारले, “आबा, हे कोणत्या साली सुरू केलं?” त्यांनी जाळावरची नजर न काढता सांगितले, “साल कुठलं लक्षात राहतं, भाऊ? मोठा दुष्काळ सरला ना, त्याच्यानंतर.”

१६/
दुष्काळ म्हणजे १९७२ चा. पण किती नंतर? आतून पुऱ्या लाटणाऱ्या आजींनी चूक दुरुस्त केली : “लगेच नाही. थोरली रांगत होती तेव्हा.” थोरल्या मुलीचे जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर होते. दुष्काळ, रांगणारी मुलगी आणि दाखला या तीन टोकांवरून १९७४ चा हिवाळा निश्चित झाला. मौखिक इतिहासाचा तास मी वर्गात केला होता. तो समजला मात्र त्या लाकडी बाकावर.

१७/
आणखी एक गोष्ट तिथे कळली. आबा स्वतःला ‘मालक’ म्हणवून घेत होते. पण मिरची किती, लसूण किती, कळण्यात उडीद किती, हे सारे आजींच्या हातात होते. पाटीवर नाव मुलाचे. म्हणजे पाटी वाचून इतिहास लिहिला असता तर ज्या हातांनी ती चव घडवली, तेच हात निसटले असते.

१८/
अशा हातांची दखल घेतली गेल्याचे एक उदाहरण मुंबईत आहे. गिरणगावात कामगारांना घरगुती जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या राबत होत्या, तरी बँकेच्या लेखी त्यांचा धंदा धंदाच नव्हता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, कर्जे मिळाली, आणि त्या बायकांची नावे प्रथमच नोंदवहीत आली. संघटन झाले म्हणून नोंद झाली. असोद्याच्या वाटेवरच्या आजींसाठी असे काही घडलेले नाही.

१९/
२०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट. पण ते मानांकन पिकाला आहे. जाळाला नाही, बडगीला नाही, ठेचणाऱ्या हाताला नाही. २०१८ च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात हजारो किलो वांग्यांचे भरीत एकाच वेळी करून विक्रम केला. त्याच्या बातम्या आल्या, छायाचित्रे आली. त्याच दिवशी वाटेवरच्या शेडमध्येही भरीत झाले असेल. त्याची बातमी होत नाही.

२०/
आणि आता तो जाळच संकटात आहे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस उद्ध्वस्त केला. तेव्हापासून कृषी विभाग आग्रहाने सांगतो : फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी काढा, तिच्या गंज्या शेतात वा गावाजवळ रचून ठेवू नका. सल्ला योग्य आहे. त्या काड्यांत आणि बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढचे पीक खाते.

२१/
म्हणजे ज्या गंजीवर भरिताची चव उभी आहे, तीच गंजी शेतकऱ्याच्या जिवावर उठू शकते. यात कोणाला दोष द्यावा? मला तरी देता येत नाही. आबा म्हणाले, जवळची पऱ्हाटी संपली की लांबून आणावी लागते. मुलगा गॅसचा विचार करतो आहे. गॅसवर वांगे भाजते; धूर मुरत नाही. पण त्या मुलाला शेती आणि शेड दोन्ही सांभाळायची आहेत. ‘परंपरा जपा’ असा उपदेश त्याला पुण्यात बसून करणे मला शोभणार नाही.

२२/
मग आपल्या हातात काय उरते? नोंद. छोटे ठिकाण शोधाल तेव्हा पोट भरल्यावर, गर्दी ओसरल्यावर, परवानगी घेऊन पाच प्रश्न विचारा. हे कधी सुरू झाले? रांधणारे हात कोणाचे? जळण कोणते आणि येते कुठून? मुख्य जिन्नस कोणत्या गावाचा? यापूर्वी इथे काय होते? साल आठवत नसेल तर दुष्काळ, पूर, लग्न, जन्म विचारा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तेच विचारा. दोन आठवणी जिथे जुळतात तिथे तारीख सापडते.

२३/
पाटीचा फोटो घ्या, चुलीचाही घ्या. नाव-गाव जाहीर करायला त्यांची हरकत नाही ना, हे आधी पाहा. हरकत असेल तर नोंद वहीतच राहू द्या. तारे देऊ नका. ‘छान चव’ एवढेच लिहू नका. पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी वाचेल तेव्हा चव त्याला कळणार नाही. पण जळण कोणते होते आणि पुरी कोण लाटत होते, एवढे तरी कळेल.

२४/
असोद्याच्या एका लेकीचे शब्द वाचले, कारण घरातल्या कोणीतरी ते वहीत उतरवले. आज तिच्या नावाने जळगावात विद्यापीठ आहे. त्याच वाटेवर एक आजी पुऱ्या लाटत आहेत. थोरली रांगत होती तेव्हापासून. निघताना मी त्यांना विचारले, “आजी, तुमचं नाव लिहू का?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “माझं नाव लिहून काय करशील बाळा? भरीत घेऊन जा घरी.” 

२५/
मी भरीतही आणले, आणि नावही वहीत लिहिले. इथे देत नाही. ती परवानगी अजून मागायची आहे. येत्या चंपाषष्ठीनंतर पुन्हा जाणार आहे.

तुमच्या गावातल्या अशा एका ठिकाणाची पाच उत्तरे खाली लिहा. थ्रेड समाप्त.